ट्रॅक डेला निघताय? जोर राहू द्या, आधी ब्रेक बघा

पत्र: वय ३३, टिळकवाडीत राहतो, उद्यमबागेत घरची फौंड्री आहे. दोन वर्षांपूर्वी २०१५ ची ऑडी टीटी सेकंडहँड घेतली. आता ४८,००० किलोमीटर झालेत. जानेवारीत मित्रांबरोबर ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायच्या दिवसाला, जायचं म्हणतोय. कोइमतूरचा कारी ट्रॅक की चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टाईचा, ते अजून ठरलेलं नाही. ट्रॅकवर याआधी कधी गेलेलो नाही. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) आणि एक्झॉस्ट करूनच जावं का? तोवर गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात हात साफ केला तर चालेल का? गाडी इथून चालवतच न्यावी का? घरचे म्हणतात, गाडी फुकट घालवशील. — वि. पा., बेळगाव

वि. पा., सोप्या प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकू. रीमॅप नको. एक्झॉस्ट नको. चोर्ला तर मुळीच नको. घरच्यांच्या बोलण्यात मात्र तथ्य आहे. पहिल्याच ट्रॅक डेला गाड्या खरोखर फुकट जातात, पण त्या इंजिन कमी पडलं म्हणून नव्हे. चौथ्या-पाचव्या लॅपला (फेरीला) ब्रेकचं पेडल फरशीला टेकतं आणि पुढं वळण असतं, तिथं घात होतो. रीमॅपला बाजूला काढलेले पैसे ब्रेक, टायर आणि गाडीतल्या निरनिराळ्या ऑईलवर घाला.

तुम्ही फौंड्रीवाले, तेव्हा हिशेब लोखंडातच मांडू. गाडी आणि तुम्ही मिळून वजन साधारण साडेचौदाशे किलो. ताशी १६० वरून ६० वर यायचं म्हणजे ब्रेकना सुमारे १.२ मेगाज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तिचा सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) उचलतात. डिस्क प्रत्येकी आठ किलोची धरली, तर एकदा ब्रेक दाबला की तिचं तापमान शंभर-सव्वाशे अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत ती थोडी निवते, पण पुरती नाही. असं चार-पाच लॅप चाललं की डिस्क ४००-५०० अंशांवर जाऊन बसते. घाटात ६० वरून २५ वर येताना याच्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतकी उष्णता निघते, म्हणून ‘घाटात माझे ब्रेक मस्त लागतात’ या अनुभवाला ट्रॅकवर किंमत नाही. आता रीमॅपचं बघा. सरळ पट्ट्यात १६० च्या जागी १७५ लागले, तर त्याच वळणाआधी ब्रेकवरचा भार २३ टक्क्यांनी वाढतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. तुमच्या गाडीला कंपनीनंच २३० हॉर्सपॉवर दिलेत. पहिल्या दिवशी तेवढे पुरून उरतील.

चोर्ल्याबद्दल एवढंच. वळणापलीकडून गोव्याचा ट्रक येतोय की गाय बसलीय, ते दिसत नाही, आणि तिथं झेंडा दाखवायला कुणी उभं नसतं. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. सराव हवाच असेल तर कोल्हापूरला जा. कार्टिंगचा ट्रॅक तिथं आहे, बेळगावहून दोन-अडीच तासांची वाट. कार्टला पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, चूक लगेच कळते आणि स्वस्तात कळते. जानेवारीआधी दोन-तीनदा जाऊन या. ब्रेक कुठं सोडायचा आणि नजर कुठं ठेवायची, एवढं जरी अंगात भिनलं तरी खूप झालं.

ट्रॅकची निवड. कारी मोटर स्पीडवे कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला आहे, लांबी २.१ किलोमीटर. इरुंगाट्टुकोट्टाईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट श्रीपेरुंबुदुरजवळ, लांबी ३.७ किलोमीटर. आमचं मत कारीच्या बाजूनं. तिथले सरळ पट्टे आखूड आहेत, त्यामुळं वेग बेतात राहतो, आणि दुसऱ्या सेशनपर्यंत (ट्रॅकवरच्या दुसऱ्या पाळीपर्यंत) अख्खा ट्रॅक पाठ होतो. एक गोष्ट लक्षात असू द्या: आखूड पट्ट्यात ब्रेकना निवायला वेळही कमी मिळतो, म्हणून तिथं सलग लॅप कमी मारायचे.

आता गाडी. पहिलं काम ब्रेक ऑईल. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडं पाऊस किती ते खानापूर-बेळगावच्या माणसाला सांगायला नको. साध्या डॉट ४ ऑईलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पण पाणी शोषलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलं की लाइनमध्ये वाफ धरते. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ट्रॅकसाठीचं डॉट ४ घ्या, ज्याच्या डब्यावर कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर लिहिलेला असतो. एक लिटर पुरतं. टाकीतलं वरचं ऑईल काढून नवं ओतलं म्हणजे झालं असं समजणारे मेस्त्री अजून आहेत. तसं नको. चारी चाकांच्या निपलमधून (ऑईल सोडायच्या तोटीतून) जुनं काळपट ऑईल जाऊन स्वच्छ यायला लागेपर्यंत काढायला सांगा, मॅन्युअलमधल्या क्रमानं, आणि स्वतः समोर उभे राहा. डबा नवा, सीलबंद हवा. उघडून महिनाभर ठेवलेला अर्धा डबा ट्रॅकच्या गाडीत ओतू नये. आणि डॉट ५ लिहिलेलं चुकूनही घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

पॅडची (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या गुट्ट्यांची) जाडी व्हर्नियरनं मोजा, पाठीमागची पत्र्याची प्लेट सोडून. नवा पॅड साधारण १२ मिलिमीटरचा असतो. ६ च्या खाली असेल तर जायच्या आधी नवे घाला, मोठ्या उष्णतेला टिकणारे. असे पॅड थंड असताना थोडे किंचाळतात, धूळही जास्त पाडतात, त्याला इलाज नाही. टीटीला हँडब्रेक इलेक्ट्रिक आहे, म्हणून मागचे पॅड बदलताना कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) मोटर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून मागं घ्यावी लागते. ज्या गॅरेजात स्कॅनर नाही आणि पिस्टन पान्यानं रेटून आत बसवतात, तिथं हे काम देऊ नका, मोटर बाद होते. नवे पॅड घातले की बसवून घ्यायचे: पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागं आरशात कुणी नाही हे बघून, ८० वरून ३० पर्यंत चांगल्या दाबानं आठ-दहा वेळा ब्रेक, मध्ये पूर्ण न थांबता, आणि मग दहा मिनिटं ब्रेक न लावता निवत चालवायचं. हे न करता थेट ट्रॅकवर गेलात तर पॅडचा थर डिस्कवर ठिकठिकाणी चिकटतो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक मग डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसतेच.

डिस्क म्हणजे ग्रे आयर्नचं कास्टिंग, तुमच्या घरचाच विषय. चाक काढून डिस्कचा चेहरा उजेडात तिरका धरून बघा. केसासारख्या बारीक भेगा मधल्या भागात असल्या तर चालतात. भेग कडेपर्यंत किंवा भोकापासून भोकापर्यंत पोचली असेल तर डिस्क भंगारात. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच, मधल्या टोपीच्या भागावर किंवा कडेला कोरलेला असतो. मायक्रोमीटर तुमच्याकडं आहेच, चार ठिकाणी मोजा. उद्यमबागेत लेथची कमी नाही आणि ‘जरा फेस मारून देतो’ म्हणणारा मित्रही असेल, पण ट्रॅकसाठी डिस्क घासून पातळ करणं म्हणजे उष्णता साठवायला असलेलं लोखंडच कमी करणं. नवी जोडी घ्या.

ट्रॅकवर ब्रेक दोन तऱ्हांनी जातात, दोन्ही ओळखता यायला हव्यात. पेडल मऊ पडलं, लांब जायला लागलं, तर ऑईल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड त्यांच्या मर्यादेबाहेर तापलेत. दुसऱ्या प्रकारात दोन लॅप सावकाश फिरवलं की पॅड पुन्हा पकडतात. पहिल्या प्रकारात मात्र हळू आत या आणि त्या दिवसापुरती गाडी उभी करा, किंवा तिथंच ऑईल बदलून घ्या. निवल्यावर पेडल परत घट्ट लागलं तरी त्यावर भरवसा ठेवायचा नाही.

टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर ट्रॅकवर नको, मग नक्षी कितीही खोल दिसो. सेकंडहँड गाडीला आधीच्या मालकानं चार चाकांना दोन कंपन्यांचे टायर घातलेले असतात, तेही बघून घ्या. टीटीची चारी चाकं इंजिनाच्या जोरात भागीदार आहेत, चारी टायर सारखेच हवेत. पंक्चरवाल्यानं बाहेरून दोरी खुपसून बुजवलेला टायर घरगुती वापराला ठीक, ट्रॅकवर नाही. नक्षी तीन-चार मिलिमीटर उरलेली असली तर उत्तमच. अगदी कोऱ्या टायरचे उंच ठोकळे तापून हलतात आणि कडा तुटतात.

हवेचं गणित जरा वेगळं आहे. बेळगावात जानेवारीच्या पहाटे १५ अंशांत भरलेली हवा खाली तमिळनाडूत दुपारी ३० अंशांत एक-दोन पीएसआयनं चढलेली दिसेल, आणि ट्रॅकवर टायर तापला की आणखी सहा ते दहा. त्यामुळं दाराच्या खांबावर लिहिलेला थंड दाब भरून ट्रॅकवर जा, पहिलं सेशन सावकाश मारा आणि आत आल्या आल्या, दोन मिनिटांच्या आत, स्वतःच्या गेजनं मोजा. साध्या रोड टायरला गरम असताना ३८-४० च्या आसपास ठेवून सुरुवात करा. त्याआधी टायरच्या खांद्यावर, नक्षी संपते तिथून खाली भिंतीकडं, पांढऱ्या खडूनं तीन ठिकाणी उभी रेघ मारून ठेवा. बहुतेक टायरवर तिथं छोटा त्रिकोण कोरलेला असतो. सेशननंतर खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर दाब बरोबर. त्रिकोणाच्याही खाली भिंतीवर पुसला गेला तर हवा कमी, टायर कुशीवर लोळतोय. दोन पीएसआय भरा. खांद्याचा खडू तसाच शाबूत असेल तर हवा जास्त, दोन सोडा. पुढचं आणि मागचं वेगवेगळं निघेल, डावं-उजवंही. तसं निघालं तर तसंच ठेवा. फक्त संध्याकाळी टायर निवले की हायवेसाठी पुन्हा भरायला विसरू नका.

चाकाचे बोल्ट टॉर्क पान्यानं, १२० न्यूटन-मीटर. गननं कचकचून आवळलेले नकोत आणि आट्यांना ग्रीस नको, ग्रीसनं तोच आकडा दाखवून बोल्ट जास्त ताणला जातो. पहिल्या सेशननंतर चाकं निवली की परत एकदा तपासा.

इंजिनाच्या बाबतीत तुमच्या मॉडेलचा एक ठरलेला दुखरा भाग आहे. कूलंटचा पंप आणि थर्मोस्टॅट प्लॅस्टिकच्या घरात (हाउसिंगमध्ये), इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवलेला असतो आणि दहा वर्षांच्या गाडीत तिथून पाझर सुरू होतो. टॉर्च मारून गुलाबीसर वाळलेली खपली दिसते का बघा. टाकीतली पातळी महिन्याला थोडी थोडी उतरत असेल तर तेच कारण असायची शक्यता मोठी. नळाचं पाणी ओतून भागवू नका. गळती असेल तर अख्खं घर बदलूनच ट्रॅकवर जा, कारण रस्त्यावर थेंब थेंब गळणारं तिथं धारेनं जातं. इंजिन ऑईल आणि फिल्टर नवे, पातळी वरच्या खुणेच्या जवळ पण वर नाही. सोबत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा. गिअरबॉक्स सहा गिअरचा, ओल्या क्लचचा आहे. त्याचं ऑईल पुस्तकाप्रमाणं ६०,००० ला बदलायचं, तुम्ही ४८,००० ला आत्ताच बदला, फिल्टरसकट. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या हॅल्डेक्स युनिटचं ऑईल बहुतेक गाड्यांत कुणी बदललेलंच नसतं. ते बदलताना पंपाची बारीक जाळीही काढून धुवायला सांगा. जाळी तुंबली की पंप जळतो आणि गाडी नुसती पुढच्या चाकांवर चालायला लागते, डॅशबोर्डवर कधी कधी काही दिसतही नाही.

ही सगळी कामं निघायच्या किमान दोन आठवडे आधी उरका आणि चार-पाचशे किलोमीटर चालवून बघा. आदल्या दिवशी गॅरेजातून काढलेली गाडी थेट ट्रॅकवर नेणाऱ्यांची निम्मी दुपार बोनट उघडून जाते.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं, आणि ट्रॅकजवळच्या शेवटच्या पंपावर टाकी भरून घ्या. ट्रॅकवर लिटरला तीन-चार किलोमीटर पडले तर घाबरू नका. टाकी पाव भागाच्या खाली गेली की लांब वळणात पेट्रोल एका कुशीला धावतं आणि इंजिन अडखळतं, म्हणून अर्ध्यावर आली की भरायची. कॅनमध्ये पेट्रोल घेऊन गाडीत ठेवायचा विचारही नको.

ट्रॅकवर उतरण्याआधी गाडी रिकामी करा. डिकीतला जॅक, पाने, पाण्याच्या बाटल्या, दाराच्या कप्प्यातली चिल्लर, चार्जर, डॅशकॅम, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट. हो, ती मॅटसुद्धा, सगळ्यात आधी तीच. ती सरकून पेडलखाली गेली की संपलं. डॅशबोर्डवर दुहेरी टेपनं चिकटवलेला गणपती जोरात ब्रेक लागला की काचेवर जातो, तेव्हा त्याला आदरानं काढून मित्राच्या हातात द्या. गाडी ओढायचा हुक टूलकिटमध्ये असतो. बंपरवरची झाकणी उघडून तो घरीच एकदा फिरवून बघा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, आणि ते मातीत रुतल्यावर कळण्यात मजा नाही.

आता कागद. तुमची मोटार विमा पॉलिसी काढून वापराच्या मर्यादांचं कलम वाचा. संघटित शर्यत, पेसमेकिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर तिथं वगळलेला असतो. ट्रॅक डे शर्यत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर गाडी पणाला लावू नका. नुकसान झालं तर ते आपल्या खिशातून, असं धरूनच चला आणि घरच्यांनाही तसंच सांगा. भिंतीला बंपर लावलेला परवडणार नसेल तर त्या दिवशी वेग त्या हिशेबानं ठेवा. आयोजकांना आधीच विचारून घ्या: कुठलं हेल्मेट चालतं, लायसन्स लागतं का, शिकवणारा शेजारी बसतो का, सेशन किती मिनिटांचं आणि एका वेळी किती गाड्या सोडतात. नवख्यांचा वेगळा गट नसेल तर तो दिवस सोडून दुसरा बघा.

गाडी चालवत नेण्याबद्दल. बेळगाव ते बेंगळुरू पाचशे किलोमीटर, तिथून कोइमतूर आणखी साडेतीनशेच्या वर. चालवत नेता येते, पण एका दमात नाही. शनिवारी ट्रॅक असेल तर गुरुवारी पहाटे निघा, बेंगळुरूला किंवा होसूरला मुक्काम, शुक्रवारी दुपारपर्यंत पोचून लवकर झोप. रात्रभर गाडी हाणून सकाळी सातला ट्रॅकवर उभा राहणारा माणूस तिसऱ्या सेशनला चुकतो. खर्च जमत असेल तर गाडी फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवर) पाठवा आणि तुम्ही रेल्वेनं जा. काही मोडलं तर तिथून परत आणायची सोयही आपोआप होते. चालवतच नेणार असाल तर परतीला पुरतील एवढे पॅड आणि टायर राखून ट्रॅक मारायचा, हे आधीच मनाशी ठरवा.

तुमच्या अंगावर सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट, पातळ तळाचे घट्ट बूट. सिंथेटिक जर्सी नको, ती आगीत कातडीला चिकटते. कोल्हापुरी चप्पल बाकी सगळीकडं शोभते, इथं नाही. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. विकतच घेणार असाल तर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए मानांकन असलेलं घ्या, त्याचं अस्तर आगीला दाद देत नाही. मोटारसायकलच्या हेल्मेटला ती चाचणी नसते. बेळगावच्या गार हवेतून तिकडच्या दमट उन्हात गेलात की घाम किती जातो ते कळत नाही, म्हणून दिवसभरात तीन-चार लिटर पाणी, दोन पुड्या ओआरएस, दुपारी हलकं जेवण. बिर्याणी रात्री.

सीटवर बसताना पाठ पूर्ण टेकवा आणि हात स्टिअरिंगच्या माथ्यावर लांब करा. मनगट तिथं टेकलं पाहिजे आणि खांदा सीटवरून सुटता कामा नये. ब्रेक तळाशी दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. काचा खाली, एसी बंद. ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) चालू, दिवसभर चालू. ते बटण दाबायला कुणी डिवचलं तर हसून सोडून द्या.

पहिलं सेशन साठ-सत्तर टक्क्यांनीच. तेव्हा शिकायचं ते एवढंच: झेंडेवाले कुठं उभे आहेत, ट्रॅक कुठं वळतो, कुठून बाहेर पडायचं. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी आणि ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागेत). निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, तिला वाट द्या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढं ट्रॅक निसरडा, ऑईल किंवा माती. काळा तुमच्याकडं रोखला तर आत या. ब्रीफिंगमध्ये हे सांगतात, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याच्या गाडीवर असतं. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात आणि पुढच्यानं हातानं खूण केल्यावर. मागचा जवळ आला तर तुम्हीच खूण करा, थोडा ॲक्सिलरेटर सोडा आणि आपली रेषा सोडू नका.

वळणात शिरण्याआधी ब्रेक सरळ चाकांवर पूर्ण करा. नवख्याचा पाय ब्रेकवर हळू हळू वाढत जातो आणि वळणात शिरतानाच सगळ्यात जास्त दाबलेला असतो. व्हायला हवं उलट: आधी जोरात, मग सोडत सोडत. नजर वळणाच्या आतल्या कडेवर, तिथं पोचायच्या आधीच बाहेर पडायच्या जागेवर. आतल्या कडेला उशिरा टेका, लवकर टेकलात तर बाहेर पडताना ट्रॅक संपतो. टीटीचं नाक जड आहे, त्यामुळं जास्त वेगानं शिरलात की ती वळायच्या ऐवजी सरळ ढकलत जाते आणि पुढचे टायर ओरडतात. हाताची ओढ असते स्टिअरिंग आणखी पिळायची. त्यानं काहीच होत नाही. उलट थोडं सरळ करा, ॲक्सिलरेटर सावकाश हलका करा, पकड परत येते. वळणाच्या मध्यावर पाय झटकन उचलला तर वजन पुढं येतं आणि मागचा भाग निसटतो. दोन चाकं ट्रॅकबाहेर गेली तर तिरकं खेचून परत यायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरून वेग उतरवायचा, बाहेरच जाऊ द्यायची आणि बघून परत यायचं. गाडी फिरलीच तर ब्रेक दाबून धरा, पूर्ण थांबेपर्यंत सोडू नका. मग आत येऊन चाकात खडे अडकलेत का, टायरची आतली भिंत कापलीय का ते बघा.

लॅपचा क्रम असा ठेवा: एक सावकाश तापवायला, दोन-तीन जोरात, एक निववायला, आणि आत. पंधरा-वीस मिनिटांचं सेशन पूर्ण वापरायची सक्ती नाही. आत आल्यावर हँडब्रेक लावू नका, तापलेला पॅड डिस्कला एका जागी चिकटून बसतो. तुमच्या गाडीत हँडब्रेक आपोआपही लागू शकतो, म्हणून होल्ड असिस्ट बंद ठेवा. गिअर पी मध्ये, चाकाखाली लाकडी ठोकळा. टर्बो तापलेला असतो, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून मग बंद करा आणि बोनट उघडा. डिस्कवर पाणी ओतणारे भेटतील. तापलेल्या कास्टिंगवर पाणी मारल्यावर काय होतं ते तुम्हीच त्यांना समजवा. कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

दुपारनंतर, साधारण शेवटच्या दोन सेशनमध्ये, डोकं थकलेलं असतं आणि आत्मविश्वास चढलेला. एखादी ब्रेकिंगची खूण हुकली, किंवा आधीच्या लॅपला जमलेलं वळण आता जमेना, की तिथंच थांबा. शेवटचं सेशन न मारल्याचे पैसे कुणी परत देत नाही, पण फ्लॅटबेडचं भाडं वाचतं.

परतीला दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण निवल्यावर निघा. बोल्ट टॉर्क पान्यानं एकदा फिरवा, हवा हायवेच्या दाबाला आणा, कूलंट आणि इंजिन ऑईलची पातळी बघा, पेडल दाबून धरून दहा सेकंद मोजा, ते हळूहळू खाली सरकता कामा नये. पॅड चारी चाकांचे मोजा. पुढचे सगळेच बघतात. ईएससी चालू ठेवून दिवसभर फिरवलेल्या गाडीत यंत्रणा वळणावळणाला मागचे ब्रेकही आपणहून लावत असते, त्यामुळं तुम्ही समजता त्याहून मागचे पॅड जास्त झिजलेले निघतील. ४ मिलिमीटरच्या खाली असतील तर कोइमतूरातच बदलून घ्या, आणि स्कॅनर आहे ना, हे तिथंही विचारा.